माझ्या काचेवरची किंमत

मी काचेची टाकी बोलतेय. चार फूट लांब, मासे पाळायची. खरं तर लोक बघतात ते माझ्यातल्या माशांकडे, पण माझी त्याबद्दल तक्रार नाही.

शोभेच्या माशांचं दुकान चालवणाऱ्या भाऊंनी मला स्वतःच्या हातांनी बनवलं. दुकानाच्या मागच्या खोलीत काचा कापल्या, कडा घासल्या, सांधे चिकटवले. मग पाणी भरून आठवडाभर रोज माझ्या कोपऱ्यांवरून बोट फिरवलं. कुठेच ओल लागली नाही, तेव्हा मला दर्शनी भागात मांडलं आणि अंगावर किमतीची चिठ्ठी डकवली.

काही वर्षं गिऱ्हाइकं माझ्यासमोर रेंगाळायची. पुढे मासे बघायचे इथे आणि भाव बघायचा फोनवर, असं सुरू झालं. तिथे पंप स्वस्त, दिवा स्वस्त, खाद्य तर निम्म्यात. भाऊ हट्टाला पेटले. फोनवरचा भाव उतरला की तेही उतरवायचे. माझ्या काचेवर चिठ्ठीवर चिठ्ठी चढत गेली. अंगाने मी होते तेवढीच, किमतीने मात्र वाळत चालले होते. एकदा तर त्यांनी खरेदीपेक्षा कमी भावात पंप विकला आणि वर गिऱ्हाइकाला चहा पाजला. दुकान भाड्याने द्यायची भाषा घरात सुरू झाली.

त्याच दिवशी गल्ल्यावर बसणाऱ्या वहिनी, म्हणजे भाऊंच्या पत्नी, उठल्या. माझ्यावरच्या साऱ्या चिठ्ठ्या त्यांनी नखाने खरवडल्या आणि दारात पाटी लावली: 'पंप, दिवे, खाद्य फोनवर स्वस्त मिळतं. खुशाल तिथून घ्या, बसवून आम्ही देऊ. टाक्या आणि मासे मात्र आमचेच बघा. मासा आठ दिवस सांभाळून, नीट खायला लागल्यावरच देतो.'

भाऊ म्हणाले, "अगं, हा आपल्याच पायावर धोंडा आहे."

"तुम्ही रोज थोडा थोडा मारून घेताय. त्यापेक्षा एकदाच पडू दे," वहिनी म्हणाल्या.

पहिला आठवडा शुकशुकाट होता. भाऊ माशांशीच गप्पा मारत बसायचे. मग पलीकडच्या गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. पाटी वाचून त्यांनी घरच्या छोट्या टाकीसाठी फोनवरून पंप मागवला होता, पण तो चालू कसा करायचा ते कळत नव्हतं. भाऊंनी तो माझ्यातच लावून दाखवला. बाई समजून घेता घेता माझ्याकडेच बघत राहिल्या. दवाखान्यात पेशंट बसतात तिथे अशी टाकी हवी, म्हणाल्या आणि किंमत विचारली.

सवयीने भाऊ कमी करून सांगणार, तेवढ्यात वहिनींनी पहिल्या चिठ्ठीवरची पूर्ण किंमत सांगितली. मी श्वास रोखला. माशांचं मला माहीत नाही.

बाई हसल्या. "पंप बाहेरून घ्या, असं तुम्हीच सांगितलंत. मग ही किंमतही खरीच असणार."

त्यांनी मला बारा माशांसकट घेतलं.

आता भाऊ महिन्यातून एकदा माझं पाणी बदलायला येतात. गिऱ्हाइकांनी सांगितलेल्या मापाच्या टाक्या बनवता बनवता जेवायला फुरसत होत नाही, अशी तक्रार करतात, तीही अगदी आनंदाने.

इथे गाल धरून आलेली माणसं माझ्यासमोर बसली की गाल सोडून मासे मोजू लागतात. परवा एका आजोबांचा नंबर आला तरी ते उठेनात. म्हणाले, "तो पिवळा दगडामागून बाहेर येऊ दे, मग येतो."

तो पिवळा जरा लाजाळू आहे. तुम्हीही या त्याला बघायला. दात दुखत नसला तरी चालेल. फक्त काचेवर टकटक करू नका, निवांत बसा. येतो तो.