संदर्भ विभागातली शिराने

नातेपुत्याहून आलेल्या पोस्टकार्डाला गुरुशांत कोरे यांनी उत्तर दिलं नव्हतं, आणि ही गोष्ट त्यांच्या घरात, गल्लीत आणि टपाल खात्यात सगळ्यांना ठाऊक होती. पोस्टकार्डाचा हाच तर घोटाळा. पाकीट गुपचूप दाबून ठेवता येतं. उघडं कार्ड आधी पोस्टमन वाचतो, मग बायको वाचते, आणि ज्याच्या नावाने आलंय त्याचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो.

कार्डावर निळ्या शाईत लिहिलं होतं: 'काका किंवा दादा, जे असाल ते. तुमची शिराने आम्हाला द्या. राक्षस दर रविवारी संध्याकाळी पाचला येतो. तीन रविवार आपण हरलो. तुम्ही मदतीला बेडूक ठेवलाय, तो पहिल्याच फटक्यात मरतो. या रविवारी शिराने दिसली नाही तर नाइलाजाने तुमची जागा दुसऱ्याला द्यावी लागेल. राग नसावा. वाघनखी, कर्णधार, शेंगाचटणी सेना. द्वारा पिठाची गिरणी, बाजारतळ, नातेपुते.'

सोमवारी ते हातात देताना पोस्टमन धम्मदीपने चेहरा सरळ ठेवायची पराकाष्ठा केली होती. तेव्हापासून टपाल असो नसो, तो रोज दाराशी गाडी हळू करायचा आणि अगदी अदबीने विचारायचा, "सर, राक्षसाचं काय ठरलं?"

सरांचं काही ठरत नव्हतं. तसं त्यांचं आयुष्यात पटकन काही ठरलंच नव्हतं. सोलापुरातल्या एका जुन्या वाचनालयात ते एकतीस वर्षं ग्रंथपाल होते. माणसांशी बोलायची वेळ आली की ते पुस्तकाच्या पुठ्ठ्याशी बोलत. निवृत्त झाल्यावर त्यांच्या मुलीने, सिद्धेश्वरीने, आपला जुना फोन त्यांना दिला, आणि त्यात एक खेळ राहून गेला होता. तो काढून टाकावा म्हणून त्यांनी उघडला आणि पाहतात तो काय, आत मोठ्या डोळ्यांची, निळ्या-गुलाबी केसांची, हातात कंबरेएवढ्या तलवारी घेतलेली अठ्ठावीस वीरमंडळी कशीही, कुठेही उभी. ना क्रम, ना वर्गवारी. असा पसारा पाहून ग्रंथपालाचे हात शिवशिवले नाहीत तर तो ग्रंथपाल कसला.

त्यांनी एक वही केली. खेळात रोज सोडत निघे, तिच्यातून नवा वीर मिळे. सर त्याला दाखल क्रमांक देत, केसांचा रंग, शस्त्र आणि स्वभाव नोंदवत. वीरांची संख्या एकशे त्रेचाळीसवर गेली. लढाईला मात्र त्यांनी एकालाही पाठवलं नाही. खेळातल्या माहितीच्या रकान्यात 'स्वतःविषयी लिहा' असं आलं तेव्हा सभासद-अर्ज भरावा तसं त्यांनी पूर्ण नाव, घर क्रमांक, पेठ आणि पिनकोड लिहिला. पुढे कुठलंसं बटण चुकून दाबलं गेलं आणि ते आपल्याच जिल्ह्यातल्या तीस जणांच्या शेंगाचटणी सेनेत दाखल झाले. बाहेर कसं पडायचं ते कळलं नाही, म्हणून राहिले. नंतर नंतर तर फोन उघडल्यावर त्या तीस नावांत आपलं नाव आहे का, ते आधी बघू लागले.

सेनेचा एकच नियम होता. प्रत्येकाने आपला एक वीर 'मदती'ला ठेवायचा, म्हणजे इतरांना तो लढाईला नेता येतो. सरांनी खूप विचार करून छत्रीवाला बेडूक ठेवला होता. तो त्यांच्याकडे सात वेळा आला होता, त्यामुळे गेला तरी सहा उरत होते.

शिरानेची गोष्ट वेगळी. पांढरे केस, हातात बगळ्याच्या पिसांचा पंखा. पंखा हलवला की मेलेले वीर उठून बसतात. तीस जणांत अशी वैद्य फक्त सरांकडे होती. वहीत तिच्या नावापुढे लाल शाईत शेरा होता: 'संदर्भ विभाग. घरी नेण्यास मिळणार नाही.'

"एक कार्ड लिवायला सा दिवस?" शनिवारी नागव्वाने विचारलं. त्यांची बायको शेंगा फोडत समोर बसली होती.

सर म्हणाले, मायना सुचत नाही. वाघनखी ही बाई आहे की बुवा, सोळा वर्षांची की साठ, काहीच कळायला मार्ग नाही. तीर्थरूप लिहावं आणि नववीतलं पोर निघालं तर? चिरंजीव लिहावं आणि कुणी आजोबा निघाले तर?

"नमस्कार लिवा. नमस्काराला काय वय लागतंय?"

सरांनी पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं.

"मायन्याचं नाव कशाला पुढं करताय," नागव्वा म्हणाली. "ती पंखेवाली तुमाला द्यायची न्हाय. मिक्सरचं भांडं शेजारी मागितलं तरी तुमचं तोंड उतरतंय. वाचनालयात तुमी तेच केलं. एकतीस वर्सांत एक पुस्तक हरवू दिलं न्हाय म्हणून तुमाला शाल-नारळ दिला. हरवंल कसं? तुमी दिलं कुणाला?"

वाक्य सरांना लागलं. कारण ते खरं होतं. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी त्यांनी एका मुख्याध्यापकांना शब्दकोश घरी नेऊ दिला होता. तो परत आला तेव्हा 'म'पासून 'ल'पर्यंतची पानं तेलाने पारदर्शक झाली होती, आणि 'य' तर सबंधच नव्हता. त्या दिवशी सरांनी काचेच्या कपाटाला कुलूप लावलं, आणि एकेक करत बरीच कपाटं त्या कुलपाच्या वाटेने गेली. लोक काचेला नाक लावून पुस्तकांच्या पाठीवरची नावं वाचत आणि निघून जात. आपण ग्रंथपाल होतो की राखणदार, हा प्रश्न सरांना अधूनमधून पडे. तो पडला की ते पुस्तकांची धूळ झटकू लागत.

रविवारी पावणेपाचला ते फोन घेऊन बसले. बेडकाला मदतीच्या जागेवरून खाली घेतलं. बोट शिरानेवर नेलं, मागे घेतलं, पुन्हा नेलं. सेनेच्या यादीत तिसावं नाव त्यांचं होतं, आणि पंधरा मिनिटांनी तिथे दुसरंच कुणीतरी असणार होतं.

"दाबा की," नागव्वा मागून म्हणाली.

त्यांनी दाबलं. खाली एक रिकामी चौकट उघडली: 'वीर नेणाऱ्यांना निरोप'. सरांना जरा धीर आला. वाचनालयाच्या पुस्तकांत चिकटवायची सूचना त्यांना तोंडपाठ होती. ती त्यांनी एका बोटाने टंकली: 'काळजीपूर्वक हाताळावे. कोपरे दुमडू नयेत. ओल्या वा तेलकट हातांनी स्पर्श करू नये. मुदतीत परत करावे.'

पाच वाजले. पडद्यावर डोंगराएवढा राक्षस उभा राहिला आणि त्याच्या बाजूने बारीक अक्षरं सरकू लागली. वाघनखीने शिराने नेली. आणखी कुणी नेली. आणखी कुणी. एक प्रत आणि इतके वाचक. मारामारी होणार, फाटणार. त्यांनी घाईने आपलं कपाट उघडून पाहिलं.

शिराने जागेवर होती. पंखा हलवत, एकही पीस न गळलेली.

बाहेर मोजले तर एकोणतीस जणांनी ती एकाच वेळी नेली होती, आणि इथे कपाटातली जागा भरलेलीच होती. सर चष्मा पुसून पुन्हा बघत राहिले. एकतीस वर्षांत असं एखादं पुस्तक त्यांना मिळालं असतं, तर त्यांनी साऱ्या शहराला दारात उभं केलं असतं. निदान, केलं असतं असं त्यांना वाटलं.

सेना हरलीच. मागच्या तीन रविवारी सेना राक्षसाच्या गुडघ्यापर्यंत पोचली होती, या वेळी कंबरेपर्यंत गेली आणि वेळ संपली. पण यादीत तिसावं नाव तेच राहिलं. नागव्वाने सरांच्या खांद्यावरून हात घालून पडद्याच्या कोपऱ्यातला एक लाल ठिपका दाबला. त्यांनी तो ठिपका आजवर फोनचा डाग समजला होता. आत निरोपांची रास होती. तीन महिन्यांपासूनचे, सगळे त्यांना: काका आहात का, काका बोला की, काका बेडूक बदला. आणि आत्ताचे ताजे. कुणी लिहिलं होतं, हात धुऊन घेतलेत. कुणी लिहिलं होतं, कोपरा दुमडला नाही, शपथ. आणि वाघनखीने लिहिलं होतं: 'कंबर! काका, कंबरेपर्यंत गेलो आपण! पुढच्या रविवारी मुदत वाढवून मिळेल का?'

इतक्या लोकांसमोर टंकायचं सरांना काही जमेना. त्यांनी कोरं पोस्टकार्ड घेतलं.

'नमस्कार,' त्यांनी लिहिलं. 'आपलं कार्ड मिळालं. उत्तरास उशीर झाला. कारण सांगण्यासारखं नाही. शिराने मुदतीशिवाय ठेवली आहे. इतर एकशे बेचाळीस वीरांची यादी वर्गवारीप्रमाणे तयार आहे, कोण लागतील ते कळवावं. त्यांतले बरेच तलवार घेऊन नुसते उभे आहेत, त्यांनाही बरं वाटेल. बेडकाबद्दल क्षमा असावी. आपला, गुरुशांत कोरे.'

सोमवारी सकाळी ते चौकातल्या लाल पेटीपाशी गेले. धम्मदीपने नुकतीच पेटी उघडली होती. त्याने हात पुढे केला आणि म्हणाला, इकडंच द्या की सर. सरांनी मान हलवली, त्याला पेटी पुन्हा लावायला सांगितली, आणि कार्ड फटीतून आत सोडलं.