एकाच रंगाच्या साड्या

नारळी पुनवेला आमच्या कोळीवाड्यातल्या बायका एकाच रंगाची साडी नेसतात. रंगावरून दरवर्षी भांडणं होतात. यंदा मोरपिशी ठरला आणि अलिबागच्या दुकानातून गठ्ठेच्या गठ्ठे आले. गोदूबाईलाही तीच साडी. म्हातारीला आजचा वार सांगता येत नाही, पण साडी नेसवल्यावर ती खुशीत हसली.

हल्ली ती हरवते. बसल्या जागेवरून उठते आणि पाण्याकडे चालू लागते. म्हणून सून रचना तिचा हात सोडत नसे. त्या दिवशी नवराच म्हणाला, तू नाच बिनधास्त, आईला मी बघतो. हा केतन जेट्टीवरच्या कंट्रोल रूममध्ये कामाला. नवे कॅमेरे फार हुशार. पडद्यावरच्या माणसावर एकदा क्लिक केलं की त्याच्याभोवती हिरवी चौकट बसते आणि ते गर्दीत कुठेही गेलं तरी चौकट मागोमाग जाते. केतनला त्याचं भारी कौतुक; त्याने आईवर चौकट बसवली. पोराने आईची काळजी घेतली तर नावं कोण ठेवणार?

मिरवणूक देवळापाशी वळली तिथे चेंगराचेंगरी झाली. गोदूबाई आणि शेजारची नीराबाई एकमेकींना घासून गेल्या. तीच साडी, तीच उंची, तसेच पिकलेले केस. चौकट नीराबाईवर जाऊन बसली. मशीनचं एक सोडा, पण केतनही चौकटच बघत होता, आईला नाही. याचाच मला राग येतो.

थोड्या वेळाने रचनाचा फोन आला. जेट्टीच्या टोकाकडे कुणी म्हातारी चाललीय, चाल सासूबाईंसारखी वाटते. केतन वैतागला.

"आये देवळाजवळ हाय. माज्या डोळ्यांसमोर हाय ती."

रचनाने ऐकलं नाही हे आमचं नशीब. ती धावत पोचली तेव्हा गोदूबाई उतरायच्या पायऱ्यांवर, कमरेइतक्या पाण्यात, लोखंडी कडी धरून उभी होती आणि उधाणाची भरती अजून चढत होती. दोघा-तिघांनी मिळून तिला वर ओढलं. टोकाच्या कॅमेऱ्याचं चित्र केतनच्याच पडद्याच्या कोपऱ्यात सगळा वेळ चालू होतं.

तो अनवाणी धावत आला. म्हातारी कुडकुडत होती, पण त्याला बघून तिचा चेहरा खुलला. तिने खांबावरच्या कॅमेऱ्याकडे बोट केलं. यातून मी तुला बघतो, असं त्यानेच तिला कधीतरी सांगितलं होतं. सगळं विसरली, तेवढं विसरली नाही.

"कवापासून हात दाखवते तुला," ती म्हणाली. "दिसले ना मी?"

रचना नवऱ्याकडे बघत राहिली.

"दिसलीस, आये," केतन म्हणाला.