आत घेतलेली शिवण

टेलरबाईंची नजर फार तयार होती. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढायच्या आत त्यांनी मनातल्या मनात त्याचं माप घेतलेलं असे, आणि टेप लावल्यावर चुकलंच तर अर्ध्या इंचानं. गल्लीत कोण सुटलं, कोण उतरलं, कुणाला दिवस गेले, हे घरच्यांच्या आधी त्यांना कळायचं. अशा बाईला पोटची पोर वाळत चाललेली दिसली नसेल, असं कोण म्हणेल? दिसली होती. दिसल्यावर त्यांनी जे केलं, त्याची ही गोष्ट आहे.

मुलीला सगळे मुंगी म्हणत. लहानपणी ती एका जागी ठरायची नाही, तेव्हापासूनचं ते नाव. आता ती पंधरा वर्षांची होती आणि तासन्‌तास एका जागी बसून राहायची, पण नाव कुणी बदललं नव्हतं. त्या सोमवारी सकाळी ती शाळेचा स्कर्ट हातात घेऊन मशीनपाशी आली.

"आई, सैल होतोय."

"परत? मागच्या महिन्यात तर आत घेतला. डबा संपवतेस ना?"

"संपवते."

"नाहीतर वाऱ्यानं उडशील, आणि मी कुठं शोधत फिरू तुला?"

मुंगी हसली नाही. टेलरबाईंनी कडेची शिवण उसवली, आणखी दीड इंच आत घेतली, दोन टिपा मारल्या आणि जुन्या शिवणींच्या खुणा इस्त्रीखाली दाबून टाकल्या. शर्टाच्या खांद्यांना तर त्यांनी आधीच आतून जाडसर अस्तर लावलं होतं, हाडं दिसू नयेत म्हणून. काम असं बेमालूम झालं होतं की आरशात चांगली भरल्या अंगाची मुलगी उभी राहिली. टेलरबाईंना बरं वाटलं. आता शाळेत कुणी काही विचारणार नव्हतं, आणि विचारलं नाही की सांगायचाही प्रश्न नव्हता.

या घरात सांगण्यासारखं बरंच साठलं होतं. मुंगीचे वडील लांब पल्ल्याची बस चालवत, घरी यायचे ते झोपायला. आईचं दिवसभर मशीन चालू. मुंगीला बोलायला होती ती आजी, तिच्याच खोलीत झोपणारी, आणि ती आठ महिन्यांपूर्वी गेली. आजीची खाट दुसऱ्याच आठवड्यात कुणाला तरी देऊन टाकली. त्या जागी कापडाचे तागे आले. मुंगीची झोप उडाली. ती रडली असती तर कुणी जवळ तरी घेतलं असतं, पण ती रडलीही नाही. नुसती गप्प झाली, आणि गप्प पोर कुणाला त्रास देत नाही म्हणून घरानंही तिला त्रास दिला नाही.

तेव्हा भेटायला आलेल्या आत्याबाईंनी उपाय सांगितला होता. "आईच्या औषधाच्या डब्यातली झोपेची अर्धी गोळी दे तिला. मीसुद्धा घेते कधीमधी. डोक्याच्या डॉक्टरकडे मात्र नेऊ नकोस हं. एकदा शिक्का बसला की जन्मभर पुसला जात नाही. उद्या कोण पत्करणार तिला?"

आत्याबाई म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, त्यांचा शब्द घरात खाली पडत नसे. टेलरबाईंनी आपल्या हातानं गोळी मोडून मुलीच्या तळहातावर ठेवली. मुंगी झोपली. साखर उसनी द्यावी तशा आपण एकमेकांच्या गोळ्या देतो, आणि गप्प झालेल्या मुलाला मात्र एक प्रश्न देत नाही. टेलरबाई पुढं तो डबा विसरून गेल्या. मुंगी विसरली नाही.

त्या सोमवारी दुपारी शाळेतून फोन आला. मुंगी वर्गात कोसळली होती, शुद्ध हरपत होती, तिला रुग्णालयात नेलं होतं. टेलरबाई गळ्यातल्या टेपासकट धावल्या. आत्याबाई जवळच राहत, त्याही पोचल्या.

वर्गशिक्षिका दारातच भेटल्या. "तिच्या स्कर्टच्या आतल्या खिशात हे सापडलं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "खिसा इतका सुरेख शिवलाय की आधी हाताला लागलाच नाही. मी डॉक्टरांना शोधतच होते. तुम्ही देता ना लगेच?"

गोळ्यांची अर्धी रिकामी पट्टी, आणि घडी पडून पडून फाटायला आलेली आजीची औषधाची चिठ्ठी. तो खिसा टेलरबाईंनीच शिवला होता. पास ठेवायला हवा, असं मुंगी म्हणाली होती.

शिक्षिका वळताच आत्याबाईंनी टेलरबाईंच्या हातातल्या दोन्ही वस्तू ओढून आपल्या पर्समध्ये टाकल्या. "घरचं चव्हाट्यावर नको. उन्हाची चक्कर आली म्हणायचं. भावाला मी समजावते."

सोळा वर्षं आत्याबाईंनी ठरवायचं आणि टेलरबाईंनी मान हलवायची, ही रीतच होती, आणि त्यांचे पाय आपोआप आत्याबाईंच्या मागं चालू लागले.

आत खाटेवर मुंगी होती. अंगात रुग्णालयाचा झगा, कुणाच्याच मापाचा नसलेला. त्याला ना आत घेतलेली शिवण, ना खांद्यांना अस्तर. काठीसारखे दंड, वर आलेली गळ्याची हाडं. किती महिन्यांनी टेलरबाईंना आपली मुलगी आहे तशी दिसली, आणि त्यांना स्वतःच्या हातांची किळस आली.

डॉक्टरीणबाई विचारत होत्या, "कसल्या गोळ्या घेत होती का? आम्हाला आत्ता कळायला हवं. अंदाजानं उपचार करण्यात वेळ जातो, आणि तिचा श्वास मंद होतोय."

"छे हो," आत्याबाई म्हणाल्या. "पोर चहासुद्धा पीत नाही. ऊन लागलं असेल."

"वन्सं," टेलरबाई म्हणाल्या, "पर्स उघडा."

"काय बोलतेस तू?"

"उघडा. नाहीतर मी उघडते."

त्यांनी वाट पाहिली नाही. पर्स ओढली, पट्टी काढून डॉक्टरीणबाईंच्या हातात दिली. "झोपेच्या गोळ्या आहेत. आठ महिने झाले. पहिली मीच दिली. ती वाळत गेली आणि मी कपडे आत घेत गेले. सगळं लिहा."

आत्याबाई तरातरा निघून गेल्या. त्या संध्याकाळपर्यंत टेलरबाई बाकड्यावर एकट्या बसून होत्या. नवऱ्याचा फोन आला तो एवढंच सांगायला, की ताईला असं बोलायला नको होतं.

मुंगी वाचली. डॉक्टरीणबाईंनी नंतर समजावलं. "गोळ्यांचं व्यसन मागून आलं. आधी मन आजारी पडलं होतं, त्यावर तिनं एकटीनं उपाय शोधला. आता गोळ्या एकदम तोडायच्या नाहीत, आमच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करू. आणि मनाच्या डॉक्टरांकडे जायचं, चुकवायचं नाही."

घरी परतताना टेलरबाई कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात थांबल्या. दुकानदार ओळखीचं हसला. "आजी कशा आहेत? नात अगदी न चुकता गोळ्या नेते."

"आजी जाऊन आठ महिने झाले."

त्याचं हसू तसंच अर्धवट राहिलं. तो काउंटरवरचे खोके सरळ करत बसला.

पंधरा दिवसांनी मुंगी घरी आली. गल्लीत तोवर आत्याबाईंनी पेरलेलं पीक आलं होतं, पोर मामाकडे हवापालटाला गेली होती म्हणे. "बाहेर विचारलं तर काय सांगू?" टेलरबाईंनी मुलीलाच विचारलं. मुंगी म्हणाली, "खरं सांग. मामाकडे होते म्हटलं की वाटतं, इथं जी होती ती कुणी नव्हतीच."

चार दिवसांनी बँकेतल्या बाई कोटाचं कापड घेऊन आल्या. "काय हो, मुंगी कशी आहे? मामाकडे मानवलं का?"

"मामाकडे नव्हती. रुग्णालयात होती," टेलरबाई म्हणाल्या. "झोपेच्या गोळ्यांचं व्यसन लागलं होतं. मनाचं दुखणं आहे, उपचार चालू आहेत."

बँकेतल्या बाईंनी कापडाची घडी उलगडली, पुन्हा घातली. "कोटाचं नंतर बघू," म्हणाल्या आणि पायरी उतरल्या. खरं ऐकून माघारी गेलेलं त्या आठवड्यातलं हे तिसरं गिऱ्हाईक होतं.

आतल्या दाराशी मुंगी उभी होती. "गेल्या ना?"

"जाऊ देत. थंडीला कोट लागतो, येतील." टेलरबाईंनी कात्री खाली ठेवली. बरेच दिवस अडकलेलं अखेर तोंडातून निघालं. "मुंगे, तू मला का नाही सांगितलंस गं?"

"सांगितलं होतं."

"कधी?"

"शर्टाचं माप घेत होतीस तेव्हा. तुझ्या तोंडात टाचण्या होत्या. मी म्हटलं, आई, मला सकाळी उठावंसंच वाटत नाही. तू हं म्हणालीस, आणि हात वर कर अशी खूण केलीस."

आवाजात तक्रार नव्हती. टेलरबाईंनी आठवायचा खूप प्रयत्न केला. मुलीची छाती त्या दिवशी किती इंच भरली, ते त्यांना आठवलं. ते वाक्य आठवलं नाही.

त्यांनी मशीनचा दिवा मालवला, स्टूल मुलीकडे वळवलं आणि समोर बसल्या. बाहेरून कुणीतरी हाक मारली, "टेलरबाई, आहात का?" त्यांनी ओ दिली नाही.

"आता सांग," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून."