माझ्या पाठीचं झाकण

मी दुसरा कंट्रोलर बोलतोय. पहिला तिकडे खणात मऊ पिशवीत झोपलाय. त्याला बोलायचं काही नसतं, कारण त्याचं सगळं छान चाललंय. बोलायचं मला आहे, आणि आधीच सांगून ठेवतो की मी गोड बोलणार नाही. या घरात गोड बोलण्याचा एवढा सुकाळ झालाय की मला आता त्याची शिसारी येते.

ज्यांनी मला कधी हातात घेतलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. व्हिडिओ गेम खेळताना दोन्ही हातांत धरतात ती वस्तू म्हणजे मी. अंगठ्यांसाठी दोन रबरी दांड्या, चार गोल बटणं, बोटांखाली खटके, आणि पोटात एक इवलीशी मोटर, जिच्यामुळे मी वेळप्रसंगी थरथरतो. पाठीवर एक सरकतं झाकण आहे. म्हणजे होतं. त्याच्याखाली दोन पेन्सिल सेल बसतात. ते असले तर मी जिवंत, नसले तर नुसतं प्लास्टिक.

कारखान्यात एका बाईने माझ्या दांडीवर रबराची टोपी दाबून बसवली. पुढच्या टेबलावरच्या माणसाने सेल घातले, सगळी बटणं दाबून पाहिली, माझा दिवा लागला, मी थरथरलो, तो “चालतोय” म्हणाला आणि सेल काढून घेतले. जगात आल्या आल्या मिळालेला धडा हा. तुमचा जीव दुसऱ्याच्या खिशात असतो आणि तो परत द्यायचा की नाही हे त्याच्या मर्जीवर.

या घरात मी आलो तो चिरंजीवांच्या हट्टापायी. चिरंजीव म्हणजे इथला एकुलता एक मुलगा. तेव्हा कॉलेजात होता, आता घरी बसून कुठल्याशा कंपनीचं काम करतो. नाव सांगत नाही, त्याला नसेल पण मला लाज वाटते. गेमच्या मशीनबरोबर एकच कंट्रोलर येतो. मित्र आले तर असावा म्हणून मला जादा घेतलं.

सुरुवातीचे दिवस बरे होते, खोटं कशाला बोलू. चिरंजीव आणि त्याचा एक मित्र गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायचे. एकदा एकमेकांना शिव्या देत, कोपरं मारत दोघे एका लांबलचक बोगद्यातून सुटले आणि बाहेर पडले ते थेट एका पुलावर. खाली दरी, समोर बर्फाचे डोंगर, आणि त्या सगळ्यावर नुकतं उगवलेलं ऊन. दोघांनीही शर्यत विसरून गाड्या पुलावर उभ्या केल्या. मला मित्राने मांडीवर ठेवलं. बराच वेळ कोणी बटण दाबलं नाही. मागच्या गाड्या भरभर निघून गेल्या, दोघे शेवटचे आले, तरी हसत होते. मला वाटलं, ही पोरं चांगली आहेत. यांना थांबता येतं.

माणसाचं चांगलं वागणं आणि माझे सेल, दोन्ही फार दिवस टिकत नाहीत. मित्र नोकरीला लागला, चिरंजीव मोठे झाले, म्हणजे बेफिकीर झाले. आता समुद्र दाखवा, आकाश दाखवा, हे बटण दाबून पुढे ढकलणार. एके दिवशी टीव्हीचा रिमोट बंद पडला आणि चिरंजीवांच्या बापाने माझी पाठ उघडून माझे सेल काढून घेतले. विचारायची पद्धत नाही, आभार मानायची तर त्याहून नाही. मी खणात पडलो.

मला पुन्हा बाहेर काढलं ते आत्या आली तेव्हा. आत्या म्हणजे चिरंजीवांच्या बापाची थोरली बहीण. तिने जन्मभर एका मोठ्या ऑफिसच्या इमारतीत लिफ्ट चालवली. स्टुलावर बसून लोकांना हव्या त्या मजल्यावर पोचवायचं आणि परत खाली यायचं. लग्न केलं नाही, कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. स्वतःच्या कमाईने तिसऱ्या मजल्यावर एक छोटं घर घेतलं, आणि गंमत बघा, त्या इमारतीला लिफ्टच नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून भावाने तिला इथे आणलं. चालायला लागली की परत जायचं, असं ठरलं होतं. तिच्या घराची किल्ली भावाने “माझ्याकडे सांभाळून ठेवतो” म्हणत आपल्या कपाटात टाकली.

संध्याकाळी काम संपलं की चिरंजीव खेळायला बसत. नवा गेम होता. एका ओसाड राज्यातून एकटा भटक्या चाललाय आणि त्याच्या खांद्यावर एक राखाडी पक्षी. पक्षी पुढे उडून वाट दाखवतो, परत येतो. आत्या शेजारी बसून शंभर प्रश्न विचारायची. हा कोण, तो का मारतोय, हिला कोणी नाही का. चिरंजीव वैतागले. मग त्यांच्या सुपीक डोक्यात कल्पना आली. त्यांनी मला खणातून काढलं आणि आत्याच्या हातात दिलं. म्हणे, “आत्या, तो पक्षी तुझा. तू उडव.”

माझ्या पोटात सेल नव्हते. चिरंजीवांना ते पक्कं ठाऊक होतं. पक्षी आपला आपणच उडतो.

त्या बाईने मला कसं धरलं म्हणून सांगू! दोन्ही हातांनी, नीट, पाखराला धरावं तसं. पक्षी डावीकडे गेला की ती दांडी डावीकडे ढकलायची, मग म्हणायची, ऐकतो हं माझं. तिने विचारलं, तुझ्या कंट्रोलरवर दिवा लागतो, माझ्यावर का नाही? चिरंजीव म्हणाले, दुसऱ्याला दिवा नसतो. तिने विचारलं, तुझा थरथरतो, माझा का नाही? ते म्हणाले, तुझ्या गुडघ्याला त्रास नको म्हणून बंद केलंय. भावजय स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पदराआड हसली. भाऊ फोनमागे हसला. चिरंजीवांनी तर तिचा व्हिडिओ काढून मित्रांना पाठवला. मी दातओठ खात होतो, पण मला ना दात ना ओठ, आणि तेव्हा तर जीवही नव्हता. खोट्याची हत्यारं अशीच असावी लागतात, मेलेली.

एकदा तो पक्षी कड्यावरून झेपावला आणि खाली एकदम अख्खा समुद्र उघडला. चिरंजीव सवयीने पुढे ढकलणार होते, पण आत्याने त्यांच्या मनगटावर हात ठेवला. तिचे अंगठे माझ्यावर थिजले होते. डोळे भरले होते. “मी नेलं ना रे त्याला इथवर?” तिने विचारलं.

“तूच नेलंस आत्या, आणखी कोण नेणार?” असं म्हणून चिरंजीवांनी आईकडे बघून डोळा मारला.

तो डोळा मला अजून दिसतो. थक्क होणं ही माणसाची किती निखळ गोष्ट असते. त्या बाईने जन्मभर दुसऱ्यांनाच वर पोचवलं, आणि तिच्या पहिल्यावहिल्या समुद्राखाली यांनी रिकामं खोकं ठेवलं.

त्याच सुमारास घरात दुसरी बोलणी सुरू झाली. आत्याचं घर भाड्याने द्यायचं. भाऊ तिच्यासमोर बसून रीतसर विचारायचा, ताई, तुझं काय मत? ती तोंड उघडेपर्यंत भावजय म्हणायची, त्यांना काय, इथे सगळं हातात मिळतंय. भाऊ म्हणायचा, मग ठरलं तर. कोणी पाहुणा आला की तिच्यादेखत सांगायचा, ताईला विचारूनच करतोय सगळं. त्या घराच्या भिंतींना कोणता रंग लावू हेसुद्धा तिला विचारलं. तिने पिवळा सांगितला. रंगारी पांढरा लावून केव्हाच गेला होता.

मग तिच्या खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं. दुपारची वेळ, चिरंजीव दार लावून कामात, बाकी दोघे बाहेर. माझ्यातला एक सेल तात्पुरता घ्यावा, खेळायच्या आत परत घालावा, असा साधा विचार करून तिने माझं झाकण सरकवलं.

आत काही नव्हतं. तिने खाचेत बोट फिरवलं. बोटाला धूळ लागली, आणि धूळ काही कालची नव्हती. ती मला मांडीवर घेऊन बसून राहिली. मग हळूच बोलली, माझ्याशीच, कारण दुसरं कोण होतं? “लिफ्टला दार बंद करायचं बटण होतं. त्याची तार कधीच तुटली होती. लोक घाईने दाबायचे, दार आपल्या वेळेलाच लागायचं. मला त्यांचं हसू यायचं.” एवढं बोलून तिने बोटाची धूळ पुसली. रडली नाही. तिचे कान लालबुंद झाले होते. तो राग होता, आणि तो पाहून माझ्या जिवाला, जो नव्हता, थंडावा मिळाला.

काठी घेऊन ती एकटी खाली उतरली. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. कोपऱ्यावरच्या दुकानातून पेन्सिल सेल आणले, माझ्यात घातले, झाकण लावलं.

संध्याकाळी सगळे नेहमीच्या जागी होते. भटक्या किल्ल्याच्या दाराशी पोचला होता. आत्याने माझं मधलं, चालू करायचं बटण दाबलं. माझा दिवा लागला. आणि आता ऐका, कारण ही गोष्ट चिरंजीवांनाही ठाऊक नव्हती; शिकलेल्या माणसाला सूचना वाचायला वेळ कुठे असतो? दुसरा कंट्रोलर जिवंत झाला की तो पक्षी खरोखर त्याच्याच हातात येतो. गेम बनवणाऱ्यांनी ती सोय केलेली होती. यांना खोटं बोलायची गरजच नव्हती. दोन सेल घातले असते तर पहिल्या दिवसापासून ते खरं झालं असतं. माझा सगळ्यात मोठा संताप यावर आहे.

पक्षी खांद्यावरून घसरला आणि भिंतीवर आपटला. चिरंजीव म्हणाले, याला काय झालं?

“माझ्या हातात आलाय,” आत्या म्हणाली.

ते हसले, मग माझ्या दिव्याकडे लक्ष गेलं आणि हसू जागच्या जागी विरलं. आत्याने मान वळवली नाही. पक्षी पडला, धडपडला, पुन्हा उठला. तिने दांडी मागे ओढली आणि तो वर निघाला. किल्ल्याच्या बुरुजावरून, त्याच्याही वर, ढगात शिरला. पडदा पांढराफटक झाला. वाऱ्याने मी तिच्या तळव्यात थरथरलो. ती दचकली, पण मला सोडलं नाही. आणि पक्षी ढगांच्या वर निघाला.

वर तसल्याच राखाडी पक्ष्यांचा थवा होता. शेकडो पक्षी, मावळत्या उन्हात, ढगांवरून संथ उडत चाललेले. जमिनीवरून चालणाऱ्याला ते कधीच दिसले नसते. कोणीतरी ते तिथे करून ठेवलं होतं, कोणी वर येईल तर असू दे म्हणून. आत्याने आपला पक्षी त्यांच्यात नेला. भावाने फोन खाली ठेवला. भावजय हातात झारा घेऊन तशीच उभी. चिरंजीवांचं तोंड उघडं, आणि पहिला कंट्रोलर त्यांनी मांडीवर ठेवला होता, तेव्हा त्या पुलावर ठेवला होता तसा. त्या क्षणी मी त्यांना माफसुद्धा केलं असतं.

पण ते म्हणाले, “आत्या, पक्ष्याला खाली आण, भटक्या मरतोय.”

“मरू दे. मरतो आणि परत उठतो, रोज बघते मी.” मग तिने तितक्याच शांतपणे भावाला विचारलं, “माझ्या घराची किल्ली कुठंय?”

भाऊ गडबडला. तो म्हणाला, “ताई, अगं सगळं तुला विचारूनच ठरवलंय ना?”

“विचारलंस,” आत्या म्हणाली. “पण आत सेल नव्हते.”

भावजयीने तीन मजल्यांचं आणि गुडघ्याचं काढलं. आत्या म्हणाली, बसत बसत चढेन, मला कुठे लिफ्ट गाठायचीय. किल्ली कपाटातून निघाली.

जायच्या दिवशी तिने मला हातात घेतलं, सेल काढले, ते तिचेच होते. मग पाठीचं झाकण तिने पर्समध्ये टाकलं. चिरंजीव म्हणाले, अगं, झाकण कशाला नेतेस, त्याचा तुला काय उपयोग?

“मला नाही रे,” ती म्हणाली. “आता हा कोणाच्याही हातात दिलास तरी त्याला आधीच दिसेल.”

त्याला आता बरेच महिने झाले. मी खणात होतो, पाठ उघडी टाकून. मागच्या आठवड्यात तिचा भाऊ रिटायर झाला. दिवसभर घरात फिरायचा, टीव्हीपाशी येऊन शंभर प्रश्न विचारायचा. चिरंजीव वैतागले. त्यांनी मला खणातून काढलं, बापाच्या हातात दिलं आणि म्हणाले, “बाबा, तो पक्षी तुमचा. तुम्ही उडवा.”

बापाची बोटं माझ्या पाठीवर गेली आणि खड्ड्यात पडली. त्याने मला उलटं करून पाहिलं. मग मुलाकडे पाहिलं, बराच वेळ. या माणसानेच एकदा माझे सेल काढून रिमोटला घातले होते, आणि मी विसरलेलो नाही. त्याने मला टेबलावर पालथं ठेवलं आणि चपला शोधू लागला. चिरंजीवांनी विचारलं, कुठे निघालात? तो म्हणाला, ताईकडे.

गेलाय खरा. तिने दार उघडलं की नाही मला ठाऊक नाही, आणि नसलं उघडलं तरी मी तिलाच बरोबर म्हणेन. मी टेबलावर तसाच पालथा पडलोय. तुमच्यापैकी कोणाच्या हातात गेलो तर आधी माझी पाठ बघा. आणि मला दुसऱ्याच्या हातात देणार असाल, तर खाली उतरा, दुकान कोपऱ्यावरच आहे.