बाळारामचा ठिपका

पुतळाबाईच्या नवऱ्याने चाळीस वर्षं वाशीच्या खाडीत होडी घातली, पण त्याची वाट बघत ती कधी दारात उभी राहिली नाही. भरतीला गेलेला माणूस ओहोटी लागली की येणार, एवढं तिला पुरत होतं. मग दिवाळीत बाळारामला होडीतच भोवळ आली. शेजारच्या हितेशने त्याला कसाबसा धक्क्याला आणला, आणि कामोठ्याला दिलेल्या लेकीने, भाविकाने, आईबापाचे फोन एकमेकांना जोडून दिले. आता पुतळाबाईच्या फोनवर नकाशा दिसायचा आणि नकाशावर बाळाराम म्हणजे एक निळा ठिपका. "आता टेन्शन नको घेऊ," भाविका बोलली. टेन्शन तिथूनच सुरू झालं.

ठिपका पुलाकडे सरकला की पुतळाबाई फोन करायची. काठच्या तिवरांच्या झाडीकडे वळला की पुन्हा फोन. "तिकडं कशाला चाल्लाव?" बिचारा बाळाराम जाळं सोडून ओल्या हाताने उत्तर द्यायचा.

त्या मंगळवारी मात्र ठिपका हललाच नाही. सकाळी सातला, जाळं बांधायला खाडीत रोवलेल्या नेहमीच्या खुंटांपाशी थांबला तो थांबलाच. पहिला तासभर तिला बरं वाटलं, तिने निवांत कोलंबी सोलली. आठला सहज फोन केला, नुसतीच रिंग वाजली. साडेआठला पुन्हा तेच. नऊला ओहोटी लागली. ओहोटी लागली की त्या खुंटांपासून निघावंच लागतं, नाहीतर होडी चिखलात रुतते. तरी ठिपका तिथेच.

ती तशीच अनवाणी धक्क्यावर धावली. "हितेश, तुझा काका हालत नाय रे!"

हितेशने हातातला चहा टाकून होडी काढली. पुतळाबाई पायरीवर बसली आणि फोनकडे बघत "हला ओ, हला" म्हणत राहिली. वीस मिनिटांनी हितेशचा फोन आला.

"काकी, काकांचा फोन गावला. पिशवीत घालून खुंटाला बांधलाय."

"आनि ते?"

"होडी नाय काकी. कोनच नाय."

आपण कोलंबी सोलत सकाळपासून कुणावर नजर ठेवून होतो? तो नेमका तेव्हाच पाण्यात पडला असेल तर?

अर्ध्या तासाने तिवरांच्या आडून होडी आली. बाळाराम धडधाकट उभा, पायाशी नांग्या हलवणाऱ्या पाटीभर चिंबोऱ्या. लग्नानंतर पहिल्यांदाच पुतळाबाईने त्याला चारचौघांत अरेतुरे केलं.

"फोन खुंटाला कशाला बांधलास? मेलास असा वाटला मना!"

बाळाराम गांगरला. "अगो, ठिपका हालला की तू घाबरतेस. म्हटला, एका जागी ऱ्हायला तर तुझ्या जिवाला बरा."

त्याला खरंच तसं वाटलं होतं. तिला रागवावं की रडावं कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं.

दुसऱ्या दिवशी तिनेच त्याचा फोन काढून घेतला आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला. "जा तुमी. ओहोटीला या," एवढंच म्हणाली.

तो गेला. ती भांडी घासायला बसली. दोन भांडी झाली, तिसऱ्याला उठली, हात पुसले आणि आपला फोन उघडला. बाळारामचा ठिपका घरातच होता, अगदी तिच्याजवळ. ओहोटीला अजून तीन तास होते. ती ठिपक्याकडे बघत बसली.