ती खरखर माझी नव्हती

मित्रांनो, मी एक जुना रेडिओ आहे, असे घरी येणारे पाहुणे म्हणतात. त्यांना खुशाल म्हणू द्या. मला मात्र ते ऐकले की संताप येतो, आणि त्याचे कारण तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

माझा जन्म जर्मनीतला, १९५६ सालचा. अक्रोडाच्या लाकडाची पेटी, पुढे सोनेरी कापड, पोटात काचेचे व्हॉल्व्ह. बटण फिरवले की व्हॉल्व्ह आधी तापायचे आणि मग मी बोलू लागायचो. माझ्या पहिल्या मालकिणीने मला जिवापाड जपले. ती गेल्यावर तिच्या मुलांनी मला स्पेरम्युलच्या दिवशी, म्हणजे नको असलेले सामान फुटपाथवर काढून ठेवतात त्या दिवशी, एका मोडक्या खाटेशेजारी ठेवून दिले. इतकी वर्षे त्यांच्या घरात बोललो, पण निरोपाला कोणी खिडकीतसुद्धा आले नाही.

तिथून मला राजसने उचलले. राजस मूळचा भुसावळचा, र्युसेल्सहाइमला नोकरी करणारा इंजिनिअर. नव्या गाडीत कुठे काय खडखडते ते शोधणे हेच त्याचे काम. या कामाचा त्याला भारी अभिमान, आणि त्या अभिमानानेच माझा घात केला.

२०१४ च्या उन्हाळ्यात राजसचे वडील भास्करराव त्याच्याकडे राहायला आले. त्यांचे लहानपण भुसावळच्या रेल्वे इन्स्टिट्यूटच्या मागे गेले होते. इन्स्टिट्यूटमध्ये साहेबलोकांचा नाच असे, बँड वाजे. यांना आत जायची परवानगी नव्हती, म्हणून हे भिंतीला कान लावून ऐकत. त्यांची सून विभावरी हिने त्यांना इंटरनेटवर एक खजिनाच शोधून दिला. ऐंशी वर्षांपूर्वीचे रेडिओ कार्यक्रम, हॉटेलांतल्या बँडचे जॅझ, नाचाची गाणी आणि मधूनमधून निवेदकाची ऐट. लॅपटॉपची वायर माझ्या पाठीत खोचली की तो सारा जलसा माझ्या तोंडून बाहेर पडे. भास्करराव खुर्चीवर बोटांनी ताल धरत. क्लॅरिनेट वर चढली की म्हणत, "घेतली बघ जागा." असे ऐकणारे माणूस मला फार वर्षांनी भेटले होते.

गाण्याबरोबर खरखरही येई. राजसला ती सहन होईना.

"बाबा, रेडिओ गेलाय हो."

"असू दे रे. मला काही त्रास नाही."

"नाही, पण फाइल डिजिटल आहे. तिच्यात खरखर कुठून येणार? आल्झो, म्हणजेच दोष रेडिओचाच."

झाले, ठरवून मोकळा! मित्रांनो, ते कार्यक्रम ज्या तबकड्यांवर उतरवले होते, त्या झिजल्या होत्या. ती खरखर तबकड्यांची. कोणीतरी ती जशीच्या तशी संगणकात भरली आणि मी ती इमानाने ऐकवली. राजसने माझ्यावर गावातले एखादे स्टेशन जरी लावले असते, तरी माझा आवाज किती स्वच्छ आहे ते कळले असते. पण एवढे साधे काम करायला हुशार माणसांना वेळ कुठे असतो?

भास्कररावांच्या पंचाहत्तरीला विभावरी त्यांना हायडेलबर्ग दाखवायला घेऊन गेली. इकडे राजसने माझी पाठ उघडली. व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर, माझा स्वतःचा स्पीकर, सगळे उपसून तो भंगार केंद्रात टाकून आला आणि माझ्या पोटात ब्लूटूथचा एक डबा बसवला. हे करताना तो शीळ घालत होता. वडिलांना भेट देतोय असे त्याला वाटत होते, म्हणून तर मला त्याचा जास्त राग येतो.

संध्याकाळी विभावरीने सासऱ्यांना ओवाळले. राजसने ऐटीत मोबाइलवर बोट ठेवले. बँड सुरू झाला, आणि खरखरही.

राजसने मला हलवून पाहिले, वरून थापट्या मारल्या.

"गेनाऊ, अगदी तीच खरखर," विभावरी म्हणाली.

"अरे, ती रेकॉर्डमधलीच आहे," भास्करराव म्हणाले.

"मग बोलला का नाहीत, बाबा?"

"मला वाटलं, तुला कळलं असेल. तुझं तर तेच काम." मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. "याचं सामान कुठाय? परत बसव ते."

"टाकून आलो," राजस पुटपुटला. "सॉरी, बाबा."

"असू दे," म्हणाले ते, आणि विषय संपला.

आजही माझ्या पेटीतून ती गाणी येतात. पण गातो तो पोटातला डबा. मी नुसता त्याच्याभोवती उभा आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादी जुनी वस्तू कुरकुरत असेल, तर ती स्वतःचे दुखणे सांगते आहे की दुसऱ्याचे, एवढे आधी नीट ऐका. मगच हत्यार उचला. आणि चुकलात, तर ज्याचे पोट फाडलेत त्याची माफी मागा.