सुयशच्या पाठीमागचा हात

मित्रांनो, मी एक जुना टॅब आहे. माझी काच तडकली आहे, एका कोपऱ्याला चिकटपट्टी आहे. नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका संस्थेनं मला सुरगाण्याकडच्या पाड्यावर पाठवलं, कारण तिथल्या चार वर्षांच्या सुयशला बसता येत नव्हतं. दर आठवड्याला नाशिकला आणायचं म्हणजे जीप, मग एसटी, आणि पोर सारखं कडेवर. त्यापेक्षा संस्थेतल्या फिजिओथेरपिस्ट चैतालीताई माझ्यातूनच, व्हिडिओ कॉलवर, व्यायाम शिकवणार होत्या.

पाड्यावर रेंज यायची ती फक्त अंगणात, मांडवाच्या टोकाला. मंगळवारी अकरा वाजले की सुयशची आई राखी मला पदरानं पुसायची, त्याला पावडर लावायची, सणाचा शर्ट घालायची. शेजारणी कामं टाकून बघायला यायच्या.

पहिल्याच दिवशी तो कलंडला तेव्हा कुणीतरी हसलं. आजी सखुबाई चिडल्या. "शहरातली बाई बघतेय नं! पोर असं लोळताना दावतीस काय? धर त्याला मागून."

राखीनं शर्टाच्या आतून पाठीशी हात धरला. माझ्या चौकटीत तो दिसत नव्हता.

"आता हात सोडा हं, राखीताई. मी दहा मोजते," चैतालीताई म्हणाल्या. दहा झाले आणि त्या खुर्चीतच उडाल्या. "अरे वा! राजे बसले की!"

सुयशही खुदकन हसला. त्या आनंदापुढे राखीला खरं बोलवेना. मग दर मंगळवारी तेच. कॉल संपला की हात निघायचा आणि सुयश गोधडीवर कलंडायचा. ते मी बघायचो. मित्रांनो, दुसऱ्यांचा आवाज मी लांबवर नेत होतो, पण मला स्वतःचा आवाज नव्हता.

सहा महिन्यांनी ताई म्हणाल्या, "अभिनंदन! सुयश आधाराशिवाय बसतो, असं मी फॉर्ममध्ये भरलंय. आता त्याची वेळ दुसऱ्या बाळाला देतोय. खूप मुलं थांबलीत हो."

राखी माझ्याकडे झुकली. "ताई, थांबा... मी धरायची त्याला. मागून."

पण त्यांचं चित्र तोवर गेलं होतं. तिनं खूप फोन केले. शेवटी संस्थेतून कुणीतरी सांगितलं, नाव पुन्हा यादीत घालतो. त्याला वर्ष झालं. सुयशची पाठ आता एका बाजूला वाकली आहे.

माझी बॅटरी फुगली आहे, मी सुरू होत नाही. मित्रांनो, आम्हाला जपून वापरा एवढंच मागितलं असतं, पण तडकलेली काच मी चालवून घेतली होती; माझं मागणं वेगळं आहे. काचेपलीकडून कुणाचं मूल बघाल, तेव्हा त्याच्या आईला एकदा विचारा, तुमचे दोन्ही हात कुठे आहेत? आणि ती खरं बोलली, तर हसू नका.

अजूनही मंगळवारी अकरा वाजता राखी मला पुसते आणि सुयशला माझ्यासमोर बसवते. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती मोजते. एक, दोन. तीनच्या आत तो कलंडतो.

बघायला पलीकडे कुणी नसतं.